नवीन ॲनिमोन रीफ टाकीत सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. निम्म्याअधिक प्रश्नांचं खरं उत्तर “अजून थोडं थांबा” असंच आहे, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर.

१. ॲनिमोन (समुद्रफूल) हे झाड आहे की प्राणी? कोरलपेक्षा (प्रवाळापेक्षा) त्यात वेगळं काय?

प्राणी. कोरल आणि जेलीफिश यांच्या गोतावळ्यातला. खाली चिकटून बसायला पाय, वर चकती, चकतीच्या मधोमध तोंड आणि भोवती डंखपेशींनी भरलेले टेंटॅकल, म्हणजे बोटांसारखे लवचिक हात. खाणं आत जातं आणि विष्ठा बाहेर येते ती त्याच एका तोंडातून. आपण टाकीत ठेवतो त्या जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात ते ॲनिमोनला बरंचसं अन्न पुरवतं.

कोरलपासूनचा मोठा फरक म्हणजे ॲनिमोन चालतं. जागा पसंत पडली नाही की उठून दुसरीकडे जातं, आणि जाताना वाटेत काय आहे ते बघत नाही. खालचे अर्धे प्रश्न या एका सवयीतून आलेले आहेत.

आयुष्य म्हणाल तर माणसाच्या हिशेबात मोजावं लागतं. जॉन डॅलियल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक ॲनिमोन एडिनबरात काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. ते थंड पाण्यातलं आणि वेगळ्या जातीचं होतं, पण घरी आणलेलं ॲनिमोन सहा महिन्यांत गेलं तर ‘त्याचं वय झालं होतं’ ही सबब चालत नाही.

२. पहिल्यांदाच घेतोय. कोणतं घेऊ?

बबल टिप. आणि तेही कुणाच्या तरी टाकीत विभागून तयार झालेलं, म्हणजे ज्याने कृत्रिम लाइट आणि सॉल्ट मिक्सचं (तयार समुद्री मिठाचं) पाणी आधीच पचवलं आहे असं. समुद्रातून थेट आलेल्या मोठ्या ॲनिमोनपेक्षा ओळखीच्या रीफरकडचं (रीफ टाकी सांभाळणाऱ्याकडचं) चार इंची बबल टिप केव्हाही बरं. ते पुढे २५–३० सेंटिमीटरपर्यंत पसरतं, म्हणून टाकी किमान १५० लिटरची धरा.

मॅग्निफिका आणि जायगँटिया या जाती दिसायला अप्रतिम, पण प्रवासात फार खचतात आणि नवख्याच्या हातात क्वचित टिकतात. हॅडोनी जातीचं कार्पेट ॲनिमोन चिवट आहे खरं, पण ते मासे खातं. लहान टाकीसाठी रॉक फ्लॉवर ॲनिमोन चांगलं. एकदा बसलं की फारसं हलत नाही. मात्र ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिशचं (‘निमो’ माशाचं) ते नैसर्गिक घर नव्हे.

जाता जाता: बबल टिपच्या टोकांचे फुगे टाकीत आल्यावर बऱ्याचदा नाहीसे होतात आणि टेंटॅकल लांब, सरळ होतात. तो आजार नाही.

३. टाकी तीन महिन्यांची आहे, सायकल पूर्ण झाली, अमोनिया शून्य येतोय. आता आणू का?

नको. सायकल पूर्ण होणं म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार होणं, एवढंच. त्यानंतरही कित्येक महिने टाकीत चढउतार चालू असतात: कधी डायटम (तपकिरी थर), कधी हिरवं शेवाळ, नायट्रेट एकदम वर, मग एकदम खाली. कोरल हे सगळं थोडंफार सोसतं, ॲनिमोन सोसत नाही.

सहा महिने ही खालची मर्यादा, वर्ष झालं असेल तर उत्तम. पण कॅलेंडरपेक्षा वही महत्त्वाची. सलग सहा-आठ आठवडे क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) यांच्या नोंदी एका रेषेत येत असतील आणि साधी सॉफ्ट कोरल्स वाढत असतील, तर टाकी तयार आहे. नोंदीच ठेवल्या नसतील, तर आजपासून ठेवा आणि हा प्रश्न दोन महिन्यांनी विचारा.

४. पाण्याचे आकडे नेमके किती हवेत?

क्षारता १.०२५ ते १.०२६ (विशिष्ट गुरुत्व), म्हणजे साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ). तापमान २५–२६ अंश. पीएच ८.१ ते ८.४. अल्कलिनिटी ८–९ डीकेएच (हे तिचं एकक). अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट ५–१० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान. हे शेवटचे दोन अगदी शून्यावर आणायच्या नादी लागू नका.

आकडा गाठण्यापेक्षा तो टिकवणं अवघड, आणि घात बहुतेक वेळा क्षारतेत होतो. समजा टाकीत २०० लिटर पाणी आहे आणि रोज ४ लिटर वाफ होऊन जातं. वाफ जाते, मीठ मागेच राहतं. तीन दिवस गावाला गेलात तर १२ लिटर कमी झालेलं असतं आणि ३५ पीपीटीचं ३७ च्या वर गेलेलं असतं. परत आल्यावर घाईघाईने १२ लिटर गोडं पाणी एकदम ओतलं की दुसरा धक्का. म्हणून ॲनिमोनच्या आधी ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याएवढं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्या. पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर ॲनिमोन राहू द्या.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) साध्या पाण्याने शून्यावर जुळवला तरी ३५ ला तो चुकीचं दाखवू शकतो. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यानेच जुळवा.

५. घरच्या वॉटर प्युरिफायरचं आरओ पाणी चालेल का?

बहुतेक घरांत नाही. पिण्याच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, जो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींत मिनरल कार्ट्रिजही असतं. त्यामुळे नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५०–१०० सहज निघतो. आपल्याला शून्य हवा. त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लागतं. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यातही क्षार असतात, तेही नको.

तांब्याच्या पाइपमधून किंवा पितळी तोटीतून येणाऱ्या पाण्यात थोडं तांबं उतरू शकतं. माणसाला त्याचं काही नाही, ॲनिमोनला ते विष आहे. डीआय रेझिन तेही अडवतं.

६. उन्हाळ्यात चिलर लागतोच का? आणि लाइट गेले तर?

पाणी २८ च्या वर रेंगाळू लागलं की काळजी, ३० च्या पुढे ॲनिमोन पांढरं पडायला लागतं. पुण्या-नागपूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबई, कोकण, गोव्यात हवेतच इतका दमटपणा असतो की वाफ होत नाही आणि पंखा नुसता फिरत राहतो. तिथे चिलर, नाहीतर खोलीला एसी. पंख्याने बाष्पीभवन वाढतं, तेव्हा प्रश्न ४ पुन्हा वाचा.

वीज गेल्यावर पहिल्यांदा संपतो तो ऑक्सिजन. इन्व्हर्टरवर आख्खी टाकी घेण्याची गरज नाही. एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) किंवा बॅटरीवरचा एअर पंप एवढं पुरतं. लाइट काही तास नसला तर बिघडत नाही.

७. दुकानात निरोगी ॲनिमोन कसं ओळखू?

आधी तोंड बघा. मिटलेलं, घट्ट असावं. आ वासलेलं आणि आतला भाग बाहेर लोंबतोय, तर घेऊ नका. मग पाय: कुठेतरी घट्ट बसलेला हवा, फाटलेला नको. दुकानदाराला टेंटॅकलजवळ चमच्याने किंचित हलवायला सांगा. निरोगी ॲनिमोन चिकटतं आणि आक्रसतं, दमलेलं नुसतं हेलकावतं.

रंगाच्या बाबतीत गिऱ्हाईक हमखास फसतं. मळकट तपकिरी ॲनिमोन कुणी बघत नाही आणि शेजारचं पांढरंशुभ्र, टोकाला जांभळी झाक असलेलं आधी विकलं जातं. तो तपकिरीपणा म्हणजेच शैवाल, म्हणजेच त्याची रसद. पांढरं ॲनिमोन उपाशी असतं. सगळ्या अंगभर सारखाच भडक पिवळा किंवा गुलाबी रंग दिसला तर तो रंगवलेला असण्याची शक्यता मोठी, त्याला हात लावू नका.

क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यातून घेत असाल तर माल आल्या दिवशी उचलू नका. आगाऊ पैसे द्या आणि आठवडाभर तिथेच राहू द्या. जे खचणार असतं ते त्या आठवड्यात बहुधा दिसून येतं. दुकानदार कुरकुरेल, पण नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर ऐकेल.

८. काचेला घट्ट चिकटलंय, निघतच नाही. ओढू का?

अजिबात नाही. फाटलेला पाय हे ॲनिमोन दगावण्याचं फार मोठं कारण आहे. जखम दिसत नाही, संसर्ग मात्र आत सुरू होतो. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड किंवा अंगठ्याचं बोथट नख पायाच्या एका कडेखाली हळूच सरकवा आणि थांबा. ते स्वतःहून थोडं सोडतं, मग पुढे सरका. पंधरा मिनिटं लागली तर लागू द्या. लहानशा दगडावर किंवा शिंपल्यावर बसलेलं असेल तर त्याच्यासकट घ्या. दगडाचे वेगळे पैसे मागितले तरी द्या.

९. वेव्हमेकरला जाळी लावायलाच हवी का? माझ्या मित्राने लावली नाही, त्याचं काही झालं नाही.

मित्राचं ॲनिमोन अजून त्या बाजूला गेलेलं नाही, एवढंच.

नवीन ॲनिमोन पहिल्या काही दिवसांत, विशेषतः रात्री, भटकतं. वेव्हमेकरच्या पात्यात सापडलं की त्याचा अक्षरशः किसून चोथा होतो आणि तो डंखपेशींसकट टाकीभर पसरतो. एका ॲनिमोनपायी सगळी टाकी गेल्याचे किस्से याच प्रकारातले. म्हणून पिशवी घरात येण्याआधी हे झालेलं असावं: प्रत्येक वेव्हमेकरवर स्पंजचं आवरण किंवा बारीक जाळी, ओव्हरफ्लोच्या (पाणी टाकीबाहेर वाहून जातं त्या तोंडाच्या) दातांवर जाळी, हीटरला प्लास्टिकचं गार्ड किंवा हीटर थेट सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत).

स्पंज दोन-तीन दिवसांत घाणीने भरतो आणि प्रवाह मंदावतो, तो धुवत राहा. पहिला महिनाभर हे करा. ॲनिमोन एका जागी पक्कं बसल्यावर स्पंज काढून जाळी ठेवली तरी चालेल. जाळी कायमची.

१०. घरी आणल्यावर पिशवीतून टाकीत कसं सोडायचं?

गावातल्याच दुकानातून, तास-दोन तासांत आणलेल्या ॲनिमोनसाठी ही पद्धत. पार्सलने आलेल्यासाठी प्रश्न ११ बघा, तिथे काही गोष्टी उलट आहेत.

टाकीचा लाइट बंद करा. बंद पिशवी १५–२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान सारखं होईल. मग ॲनिमोन पाण्यासकट स्वच्छ, साबण कधीही न लागलेल्या बादलीत घ्या. पाणी अर्धा लिटरभर असावं, ॲनिमोन बुडालेलं राहायला हवं. आता पिशवीच्या पाण्याची क्षारता मोजा. हे लोक हमखास गाळतात. कित्येक दुकानांत माशांच्या टाक्या १.०२० च्या आसपास ठेवतात, कारण त्यात परजीवी कमी राहतात आणि मीठही कमी लागतं. तुमची १.०२५ असेल तर हा फरक ॲनिमोनला जाणवतो.

एअर पंपाची बारीक नळी घ्या, एक टोक टाकीत, दुसरं बादलीत. मध्ये सैल गाठ मारा किंवा छोटा व्हॉल्व्ह लावा. तोंडाने ओढून सायफन सुरू करा आणि सेकंदाला चार-पाच थेंब पडतील असं जुळवा (यालाच ड्रिप म्हणतात). तासाभरात बादलीतलं पाणी दुपटीच्या वर जातं. निम्मं काढून टाका, पुन्हा चालू. बादलीची आणि टाकीची क्षारता सारखी आली की काम झालं. घड्याळ बघू नका, रिफ्रॅक्टोमीटर बघा. एसीच्या खोलीत बादली थंड पडते, तेव्हा अधूनमधून थर्मामीटर घाला.

शेवटी हातमोजा घालून ॲनिमोन खालून, पायाखाली तळहात देऊन उचला. बादलीतलं पाणी टाकीत ओतू नका, मोरीत जाऊ द्या.

११. पार्सलने मागवलं, पिशवी जवळजवळ २० तास बंद होती. तसंच ड्रिप करू?

नाही, इथे लांबण लावणं घातक. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली येतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात तासभर ड्रिप करणं म्हणजे ॲनिमोनला विषातच बसवून ठेवणं.

पिशवी न उघडता तापमान जुळवा. उघडल्याबरोबर क्षारता मोजा. फरक ०.००२ पर्यंत असेल तर सरळ टाकीत सोडा. जास्त असेल तर पिशवीच्या क्षारतेचं, त्याच तापमानाचं ताजं पाणी दुसऱ्या बादलीत तयार करा, ॲनिमोन त्यात हलवा आणि मग प्रश्न १० प्रमाणे ड्रिप लावा. त्यासाठी आदल्या रात्रीच सॉल्ट मिक्स फिरवून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवूच नका.

१२. कोरलसारखं डिप करू का (औषधी द्रावणात बुडवून काढू का)? क्वारंटाइन?

डिप नको. कोरल डिप, आयोडीन, गोडं पाणी, काहीही नको.

क्वारंटाइनचं उत्तर जरा तिरकं आहे. व्हाइट स्पॉट हा माशांचा आजार, ॲनिमोनला होत नाही. पण त्या परजीवीच्या गाठी ॲनिमोनसोबत आलेल्या दगडावर, शिंपल्यावर बसून येऊ शकतात. पूर्ण खात्री हवी असेल तर मासे नसलेल्या टाकीत अडीच महिने ठेवायला हवं, आणि ती टाकीसुद्धा मुरलेली, चांगल्या लाइटची हवी. अशी दुसरी टाकी किती जणांकडे असते? नसेल तर औषधाच्या उघड्या बादलीवजा टाकीत ॲनिमोन कुजवण्यापेक्षा, मासे नसलेल्या व्यवस्थेतून आलेलं ॲनिमोन शोधा आणि सरळ मुख्य टाकीत सोडा.

१३. टाकीत कुठे ठेवू?

तुम्ही ठेवाल तिथे ते राहील असं नाही, पण सुरुवात चांगली करून देता येते. बबल टिपला पाय कपारीत खोल खुपसायला आवडतो. आपसूक भोक असलेला दगड निवडा. सगळ्यात उत्तम म्हणजे मुख्य रचनेपासून तुटलेलं, चारही बाजूंनी वाळू असलेलं दगडाचं छोटं बेट. वाळू ओलांडून जायला बबल टिप बहुधा नाखूश असतं. हॅडोनीचं उलटं, त्याला पाय रोवायला दहा-बारा सेंटिमीटर खोल वाळू लागते. मॅग्निफिका उंच दगडावर चढतं.

सोडताना सगळे पंप अर्धा तास बंद ठेवा. पाय धरू लागला की हळूहळू चालू करा. दगडात कोंबू नका, डिंकाने चिकटवायचा विचारही नको.

१४. लाइट किती? नवीन एलईडी आहे.

बबल टिपला १०० ते २५० पार (शैवालाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरेसा. नवीन ॲनिमोनवर पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लाइट सोडला तर ते आतलं शैवाल बाहेर टाकतं. तीव्रता निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या. पार मीटर नसेल तर ॲनिमोनलाच निवडू द्या: सावलीत लपलं तर जास्त, काचेवर चढून लाइटकडे ताणलं तर कमी.

१५. दोन दिवस झाले. कधी फुलतं, कधी वाळल्या बोरासारखं होतं, तोंडातून तपकिरी दोरे टाकतं. मरतंय का?

बहुधा नाही. आतलं पाणी बदलायला आणि घाण टाकायला ते पूर्ण आक्रसतं आणि पुन्हा फुगतं. पहिल्या आठवड्यात दिवसातून एक-दोनदा हे होतं. तपकिरी दोरे म्हणजे विष्ठा आणि जादा शैवाल. हात लावू नका, जागा बदलू नका, खायला देऊ नका.

काळजी कशाची करायची: चोवीस तासांहून जास्त आक्रसलेलं आणि तोंड उघडं, पाय कुठेच धरत नाही, पाण्यात वाहत जातंय. आणि मेलेलं असेल तर विचारावं लागत नाही. अंग विरघळून गळू लागतं, लगद्यासारखं हातात येतं आणि वास असा येतो की शेजारच्या खोलीतून कळतं.

१६. सकाळी उठून पाहिलं तर पंपात अडकलेलं. काय करू?

आधी तो पंप बंद करा. पातं हाताने फिरवून ॲनिमोन ओढू नका, पंप टाकीबाहेर न काढता त्याचे भाग पाण्यातच सोडवा. एअरस्टोन आणि स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा. सुटलेले तुकडे सायफनने काढा, ३० ते ५० टक्के पाणी बदला, सम्पमध्ये नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही अमोनिया तपासा. एका कडेला फाटलेलं बबल टिप कित्येकदा सावरतं, त्यामुळे तोंड आणि पाय शाबूत असतील तर टाकीतच राहू द्या. लगदा झाला असेल तर लगेच बाहेर. मेल्यावरही डंखपेशी काम करतात, हातमोजा घाला.

१७. खायला काय आणि कधी?

एका जागी बसून आठवडा झाल्यावर. आधी दिलेलं ते ओकून टाकतं आणि पाणी नासतं. मग आठवड्यातून एकदा-दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा कच्च्या कोळंबीचा नखाच्या निम्म्याएवढा तुकडा. कोळंबी बाजारातून आणल्यावर मीठ-हळद लावायच्या आधी बाजूला काढायला घरात सांगून ठेवा. सुका जवळा नको. तुकडा मोठा दिला की काही तासांनी अर्धवट पचलेला बाहेर येतो, तो लगेच उचला.

१८. निमो आणलाय, पण तो ॲनिमोनमध्ये जातच नाही. पैसे वाया गेले का?

आपण ज्याला निमो म्हणतो तो ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश निसर्गात बबल टिपमध्ये राहतच नाही. त्याची घरं म्हणजे मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी ही ॲनिमोन. टाकीत तो बऱ्याचदा बबल टिप स्वीकारतो, पण कधी, हे त्याच्या मर्जीवर. काहींनी वर्षभर पंपाच्या कोपऱ्यात संसार केला आहे. मरून क्लाउन मात्र निसर्गातच फक्त बबल टिपमध्ये राहतो, आणि क्लार्की क्लाउन तर क्लाउनफिशना थारा देणाऱ्या ॲनिमोनच्या दहाही जातींत. जोडी जमवायची असेल तर आधी हे बघा.

क्रम महत्त्वाचा: आधी ॲनिमोन, ते तीन-चार आठवड्यांत रुळलं की मासा. मासा आधीपासून टाकीत असेल, विशेषतः मोठी मरून मादी, तर ती नव्या ॲनिमोनमध्ये इतकं घुसळते की त्याला उघडायलाच मिळत नाही. अशा वेळी जाळीदार प्लास्टिकची टोपली ॲनिमोनभोवती काही दिवस ठेवा. ॲनिमोन माशाच्या लांबीच्या निदान तिप्पट पसरत असावं.

क्लाउनफिशला टाकीत ॲनिमोन लागतंच असं नाही, ॲनिमोनलाही मासा लागत नाही. दोघं वेगवेगळे सुखाने जगतात. क्लाउनफिश कृत्रिम पैदाशीचा घ्या, आता तो आपल्याकडे मिळतो.

१९. शेजारी कोणती कोरल आणि मासे चालतील?

कोरलपासून निदान वीतभर अंतर, पूर्ण फुललेल्या अवस्थेत मोजून. टॉर्च, हॅमर या कोरलांना ॲनिमोन भाजतं. वेगवेगळ्या जातींची दोन ॲनिमोन एका छोट्या टाकीत नकोत, ती पाण्यात सोडलेल्या रसायनांनीही एकमेकांना त्रास देतात. समुद्रघोडे, मँडरिनसारखे संथ मासे ॲनिमोनसोबत ठेवू नका. बऱ्याच जातींचे बटरफ्लायफिश आणि ट्रिगर ॲनिमोनलाच खातात.

२०. पांढरं पडलंय, पण चिकटलेलं आहे. वाचेल?

वाचू शकतं. पाय घट्ट, तोंड मिटलेलं असेल तर लाइट थोडा कमी, पाणी स्थिर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा अगदी बारीक खाणं. उजेडातून मिळणारं अन्न बंद झालेलं असतं, ती भरपाई आपण करायची. रंग परतायला महिने लागतात. आधी कारण शोधा: तापमान (प्रश्न ६) किंवा लाइट (प्रश्न १४).

२१. रात्रीत एकाची दोन झाली! आनंदाची गोष्ट ना?

असेलही. बबल टिप मधोमध फाटून दोन होतं. चांगल्या वाढीतून होतं आणि धक्क्यातूनही होतं. आदल्या दोन दिवसांत मोठा वॉटर चेंज केला होता का, तापमान उसळलं होतं का, ते तपासा. दोन्ही भागांचा पाय धरलेला असेल तर काही करू नका. नवीन भाग चालायला लागतो, पंपाच्या जाळ्या जागेवर असू द्या.

२२. न आणताच दगडावर छोटी तपकिरी ॲनिमोन उगवली आहेत. वाढू देऊ?

ती ऐप्टेशिया, म्हणजे तण. ओरबाडू नका, पायाचा कणभर तुकडा राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. कॅल्कवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) घट्ट पेस्ट सिरिंजने तोंडात भरा, किंवा फक्त ऐप्टेशिया खाणारी बर्गिया गोगलगाय आणा. पेपरमिंट कोळंबी सुचवतात, पण ती मोठ्या ॲनिमोनच्या तोंडातलं खाणं पळवते आणि कधी त्यालाच कुरतडते.

२३. ओहोटीला खडकांवर इतकी समुद्रफुलं दिसतात. एखादं आणलं तर?

नका आणू. किनाऱ्यावरच्या खडकांतली ही फुलं भरती-ओहोटी, कडक ऊन, पावसाळ्यातलं मचूळ पाणी यांना सरावलेली असतात, तुमच्या टाकीतल्या क्लाउनफिशला त्यांचा उपयोग नाही. शिवाय मालवणचा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. दगडासकट उचललंत आणि त्यावर जिवंत कठीण कोरल निघालं, तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, वाकून बघा, फोटो काढा.

२४. हाताला लागलं, पुरळ उठलंय.

बबल टिपचा डंख बहुतेकांना जाणवतही नाही, कार्पेट ॲनिमोनचा चांगलाच जाणवतो. खाऱ्या पाण्याने धुवा, चोळू नका, तोच हात डोळ्याला लावू नका. श्वास लागला, ओठ सुजले किंवा पुरळ अंगभर पसरलं तर वाट न बघता डॉक्टर.

२५. माशांना व्हाइट स्पॉट झालाय. ॲनिमोन असलेल्या टाकीत औषध टाकू?

तांब्याचं औषध टाकलंत तर ॲनिमोन गेलंच समजा. मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करा. यातली छुपी अडचण जुन्या टाकीची: सेकंड हँड टाकीत कधीकाळी तांबं वापरलं असेल तर दगड आणि वाळूत ते मुरून राहतं आणि हळूहळू सुटतं. विकणाऱ्याला नेमकं हेच विचारा आणि त्याच्या उत्तरावर न राहता जुने दगड-वाळू घेऊच नका.

खचलेल्या मॅग्निफिकाला काही अनुभवी मंडळी वेगळ्या टाकीत सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. ते अँटिबायोटिक आहे, पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय नको आणि मुख्य टाकीत तर कधीच नको.

२६. बदली झाली, टाकी नेता येत नाही. समुद्रात सोडून देऊ?

नाही. परक्या पाण्यातलं ॲनिमोन आणि त्याच्यासोबतचे जंतू, परजीवी, ऐप्टेशिया हे सगळं तुम्ही आपल्या किनाऱ्याला देत असता. खाडीतही नको, संडासातही नको. ॲनिमोन सांभाळणारा दुसरा रीफर शोधा. त्याची टाकी वर्षाची आहे का आणि पंपांना जाळ्या आहेत का, एवढं विचारून घ्या. ॲनिमोन ज्या दगडावर बसलं आहे तो दगडच द्या, आदल्या दिवशी खायला देऊ नका, आणि पिशवीत त्याच्यासोबत दुसरा कोणताही जीव ठेवू नका. घेणारा मिळेपर्यंत वेळ लागतो, म्हणून बदलीची ऑर्डर हातात पडली की पहिला फोन याच कामाचा करा.